सांधा कुणाचा?

फार फार पूर्वी, नद्यांना अजून नावं पडायची होती तेव्हा, दोन डोंगरांच्या मध्ये एक राज्य होतं. राज्य लहान, राणी मात्र मोठ्या मनाची. आणि तिथली नदी? तिचा तोरा काय सांगावा! पावसाळ्यात डोंगरावरून अशी उधळत यायची की वाटेतले गोठे, गंजी, कुंपणं, काही मागे ठेवायची नाही. होळी उलटली की तीच नदी वाळूखाली अंग चोरून निजायची. मग बाया वाळूत खड्डे करून वाटीवाटीनं पाणी उपसायच्या.

एका उन्हाळ्यात राणी स्वतः त्या खड्ड्याशी जाऊन बसली आणि तिनं वाटी हातात घेतली. घागर भरेपर्यंत सकाळची दुपार झाली. राणी उठली ती ठरवूनच उठली.

"या खिंडीत भिंत घालायची," ती म्हणाली. "पावसाळ्यात पळून जाते ती नदी उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवायची."

दरबारी एकमेकांकडे बघू लागले. एक जण हळूच म्हणाला, "राणीसाहेब, नदी म्हणजे काय म्हैस आहे, दावणीला बांधायला?"

"म्हशीलाही पहिल्यांदा कुणीतरी बांधलंच असेल की," राणी म्हणाली.

त्या राज्यात एक गवंडी होता. त्याच्या हातची भिंत अशी सरळ, की ओळंब्याची दोरी सोडली तर ती भिंतीवेगळी दिसायची नाही. राणीनं त्याला बोलावून सगळ्या कामाचा कारभारी केलं. तो हरखून घरी आला आणि बायकोला म्हणाला, "आजपासून मला सगळे कारभारी म्हणणार."

"मी लग्न झाल्यापासून म्हणते," बायको भाकरी थापता थापता म्हणाली. "राणीसाहेबांना आज सुचलं होय?"

त्या राज्यात ओढ्यांवर लहान लहान बांध घालत, तेव्हापासूनची एक रीत होती, आणि ती मोठी कडक होती. जो बांध घालील त्यानंच बांधाच्या पायथ्याशी पहिलं घर बांधायचं. त्या घरात बायकामुलांसह राहायचं, चूल पेटवायची, आणि बांधामागचा तलाव भरून सांडव्यावरून जादा पाणी वाहू लागेपर्यंत चुलीतला विस्तव विझू द्यायचा नाही. डोंगरावरचे लोक त्या घराच्या धुराकडे बघत राहायचे. एक पावसाळा तो धूर टिकला, की मगच ते खाली उतरून शेतं धरायचे. शब्द कुणीही देतं, धूर खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

कारभारी पहिल्यांदा खिंडीत एकटाच गेला. दोन्ही बाजूंना काळे कडे, वर आभाळाची पट्टी, खाली गोट्यांनी भरलेलं कोरडं पात्र. इथे एका डोंगरापासून दुसऱ्या डोंगरापर्यंत दगडाची भिंत उभी राहणार होती, आणि ती माणसांच्या हातांनी राहणार होती! त्याला धडकी भरली आणि त्याच धडकीत एवढा आनंदही झाला, की तो खाली गोट्यांवरच बसला. देवळात बसावं तसा किती वेळ बसून राहिला.

मग पावसाळा सरल्यावर तो कामाला लागला. एवढी मोठी भिंत एका टोळीच्या आवाक्यातली नव्हती. म्हणून त्यानं भिंतीचे तीन भाग केले आणि तीन टोळ्यांना वाटून दिले. पहिला भाग अलीकडच्या, डोंगराकडच्या टोळीला. तिचा मुकादम धिप्पाड आणि अबोल, एकदा कामाला लागला की जेवायची हाक मारावी लागायची. मधला भाग एका मुकादमिणीच्या टोळीला. नवऱ्यामागे टोळी मोडेल असं सगळे म्हणत होते, तिनं ती वाढवून दाखवली होती. तिसरा भाग पलीकडच्या, देवराईकडच्या टोळीला. तिचा मुकादम म्हातारा, जिभेचा तिखट, पण छिन्नी हातात घेतली की दगड त्याचं ऐकायचा.

आता इथे कारभाऱ्यानं एक अक्कल चालवली. मंडळी, अक्कल चालवताना माणूस फार खूश असतो, म्हणूनच तेव्हा त्याच्यावर जरा लक्ष ठेवावं. पण कारभाऱ्यावर लक्ष ठेवणार कोण?

त्यानं तिन्ही टोळ्यांना जमवलं आणि सांगितलं, "ज्या टोळीचा भाग आधी पुरा होईल आणि देखणा होईल, तिच्या मुकादमाला राणीसाहेब स्वतःच्या हातानं सोन्याचं कडं घालतील. आणि पुरा म्हणजे पुरा! कडेपर्यंत तासलेला, गुळगुळीत. कडेला दगड वेडेवाकडे पुढे आलेले दिसले, तर तो भाग अर्धवट धरला जाईल."

यातली गोम लक्षात यायला एक गोष्ट माहीत हवी. गवंडी संध्याकाळी काम थांबवतो तेव्हा भिंतीची कड कधी सरळ तासत नाही. एक दगड पुढे, एक मागे, असे दाते सोडून घरी जातो. दुसऱ्या दिवशीचे दगड त्या दात्यांत जाऊन बसतात, आणि कालची भिंत आणि आजची भिंत दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तशी एक होते. कारभाऱ्यानं पोरवयापासून असे दाते सोडले होते. पण कडं चमकलं, आणि दाते त्याच्या ध्यानातून गेले.

आणि मग काम काय चाललं म्हणता! चुन्याच्या भट्ट्यांचा धूर आभाळाला टेकला. घाण्याला जुंपलेले बैल गोल गोल फिरत चुना मळत होते, बाया पाट्या डोक्यावर घेऊन उतरणीवरून धावत होत्या, आणि हत्तीएवढे दगड दोरखंडांनी सरकत येत होते. प्रत्येक टोळीचं दगड ओढायचं गाणं वेगळं. एकीकडे "ओढ गड्या, ओढ!" चाललेलं, तर दुसरीकडे "आली आली, माउली!" खिंडीत ती गाणी एकमेकांवर आपटायची आणि कड्यांवरून घुमून परत यायची. कारभारी टेकाडावर उभा राहून ऐकायचा आणि त्याच्या अंगावर काटा यायचा. एवढ्या माणसांना मी कामाला लावलं, हा विचार मनात आला की त्याला रात्री जेवणही जायचं नाही.

पुढचा उन्हाळा तापायच्या आतच भिंत उभी राहिली. देवराईकडच्या टोळीनं बाजी मारली. म्हाताऱ्या मुकादमानं आपल्या भागाच्या कडेच्या दगडावर एक हत्ती कोरला होता. सोंड वर केलेला, कान पसरलेला, आता पाऊल टाकतो की मग, असा हत्ती. राणीनं त्याच्या सोंडेवरून हात फिरवला आणि म्हाताऱ्याच्या मनगटात कडं घातलं. बाकी दोघांची तोंडं उतरली. पण भिंतीकडे नजर गेली की तेही सगळं विसरून बघत राहायचे. डोंगरापासून डोंगरापर्यंत एकच एक दगड पसरलाय, असं वाटत होतं. लोक दुरून येऊन भिंतीला हात लावायचे आणि हात कपाळाला लावायचे.

रीतीप्रमाणे कारभाऱ्यानं पायथ्याशी घर बांधलं आणि बायकोला घेऊन राहायला आला. थोड्या दिवसांनी त्याची लेकही आली, पहिल्या बाळंतपणाला. जावई तिला पोचवायला आला होता. त्यानं मान उंच करून भिंत पाहिली आणि मग घराकडे पाहिलं. "मामा, हे ठीक आहे ना?" त्यानं विचारलं.

"जावईबापू," कारभारी म्हणाला, "माझ्या भिंतीच्या सावलीत माझं नातवंड जन्माला येणार. याहून ठीक काय असतं?"

एके दिवशी दुपारी कारभारी भिंतीच्या माथ्यावर बसला होता. खाली अंगणात बायको पापड वाळत घालत होती. तेवढ्यात एक सापसुरळी त्याच्या पायाजवळून सळकन गेली आणि दिसेनाशी झाली. अंगानं चकचकीत, करंगळीएवढी जाड, पाय असून सापासारखी पळणारी. कारभारी वाकून बघतो तर समोर नुसता चुना. थोड्या वेळानं तीच सापसुरळी भिंतीच्या दर्शनी बाजूनं, बरीच खालून, डोकं काढून ऊन खात होती.

त्या काळात निवांत बसणाऱ्या माणसाशी प्राणी बोलत असत. कारभाऱ्यानं वरून विचारलं, "अगं, तू तिथे कशी पोचलीस?"

"घरातून," सापसुरळी म्हणाली.

"कुणाच्या घरातून?"

"माझ्या. तुझ्या भिंतीत राहते मी. मोठं थंडगार घर बांधलंस बाबा, तुझं भलं होवो."

"माझ्या भिंतीत मुंगी शिरायला जागा नाही!" कारभारी चिडून म्हणाला.

"दगडांत नाहीच. दगड चांगले आहेत," ती म्हणाली. "मी टोळ्यांच्या मध्ये राहते. डोंगरवाले संपतात आणि मधले सुरू होतात, तिथे माझं एक घर. मधले संपतात आणि देवराईवाले सुरू होतात, तिथे दुसरं. तिथे कुणीच नसतं बघ, म्हणून निवांत वाटतं."

एवढं बोलून ती आत गेली. कारभाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारी प्यायच्या पाण्याची घागर होती. त्यानं ती उचलली आणि सापसुरळी शिरली होती त्या रेघेवर सगळी उपडी केली. पाणी चुन्यावर क्षणभर थांबलं आणि कुणी पिऊन टाकावं तसं नाहीसं झालं.

तो श्वास रोखून बसला.

"अहो!" खालून बायकोची हाक आली. "वरून काय ओतताय? माझ्या पापडांवर आलं की सगळं!"

मंडळी, पापड भिजले तर दुसरे लाटता येतात. पण कारभाऱ्यानं खाली पाहिलं, तेव्हा त्याला पापडांच्या पलीकडे ओट्यावर बसलेली लेक दिसली. ती पोटावर हात ठेवून हसत होती. एक घागर पाणी तिच्यापर्यंत पोचलं होतं, आणि उद्या या भिंतीमागे अख्खी नदी येऊन उभी राहणार होती.

त्यानं लगेच तिन्ही मुकादमांना बोलावलं.

"माझा भाग तासल्याली कड आली की संपला," डोंगराकडचा मुकादम म्हणाला. "तुम्हीच तसं सांगितलं व्हतं."

"माझी कड बघा, लोण्यावानी हाय," मुकादमीण म्हणाली. "तिच्या म्होरचं माझं न्हाई."

"आन् माझ्या कडंला तर हत्ती हाय," म्हातारा म्हणाला. "राणीसायबांनी हात फिरवलाय त्याच्यावर."

"मग मधल्या फटीत चुना कुणी भरला?"

"ज्याला जवळ पडलं त्यानं."

"आणि सांधा? सांधा कुणाचा?"

कुणी खोटं बोलत नव्हतं, म्हणून तर उत्तर सापडत नव्हतं.

माणसाचा जीव घाबरला की तो आधी सोपा उपाय करून बघतो. कारभाऱ्यानं आपल्या विश्वासाची माणसं घेतली आणि दोन्ही रेघांवर बाहेरून ताजा चुना भरून वर घोटाई केली. रेघा दिसेनाशा झाल्या. दोन दिवस त्याला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी चुन्याला बारीक चीर गेली आणि तिच्यातून सापसुरळीनं डोकं बाहेर काढलं.

"दार छान रंगवलंस रे," ती म्हणाली आणि ऊन खाऊ लागली.

त्या संध्याकाळी कारभारी चुलीपुढे बसला. बायकोनं ताट वाढलं, त्यानं हात लावला नाही. शेवटी त्यानं तिला सगळं सांगितलं. "लेकीला आणि तुला डोंगरावर पाठवतो," तो म्हणाला. "मी इथे विस्तव सांभाळीन."

"आम्ही वर गेलो तर लोकांना काय कळायचं ते कळेल," बायको म्हणाली. "मग तोंडानं सांगायला कशाला लाजता?"

"उभी भिंत फोडायची आहे. कडं दिलेली भिंत! राणी काय म्हणेल?"

"राणी बोलेल. नदी बोलायची नाही, ती येईलच." बायकोनं ताट त्याच्यापुढे सरकवलं. "जेवा आता. उपाशीपोटी चूक कबूल करू नये, आवाज फुटत नाही."

दुसऱ्या दिवशी कारभारी राणीकडे गेला. त्याचं ऐकून राणी तडक भिंतीपाशी आली. तिन्ही टोळ्या गोळा झाल्या. आता कुणाची तरी मान जाणार म्हणून सगळे पायाकडे बघत उभे राहिले.

"कुठल्या टोळीनं काम वाईट केलं?" राणीनं विचारलं.

"एकाही टोळीनं नाही," कारभारी म्हणाला. "तिन्ही भागांत खोट काढून दाखवा, मी हातोडा खाली ठेवीन. असं दगडकाम मी उभ्या जन्मात पाहिलं नाही."

"मग दोष कुणाचा?"

"सांधा ज्याचा, त्याचा. आणि सांधा माझा होता, राणीसाहेब. मी भिंत तिघांना वाटून दिली आणि मला वाटलं, सगळी वाटून झाली. दोन भागांच्या मध्ये जे उरतं ते वाटणाऱ्याच्या पदरी उरतं, हे मला कळलं नाही. शेजाऱ्यासाठी दाते सोडील त्याचं काम मी अर्धवट म्हणणार होतो. मग त्यांनी कडा तासल्या, यात त्यांचं काय चुकलं? मी सांगितलं तसंच त्यांनी केलं, आणि मन लावून केलं."

राणीनं भिंतीकडे पाहिलं, पायथ्याच्या घराकडे पाहिलं, ओट्यावरच्या गरोदर पोरीकडे पाहिलं.

"पाऊस किती लांब आहे?"

"डोंगरामागे विजा दिसायला लागल्यात."

"मग माझ्या तोंडाकडे बघत काय उभा आहेस?" राणी म्हणाली.

कारभाऱ्यानं हातोडा उचलला. दोन्ही सांध्यांवर कडेचा एकाआड एक दगड काढायचा, दाते पाडायचे, आणि दोन्ही भागांत अर्धे अर्धे जातील असे लांब दगड आडवे बसवायचे, असं त्यानं समजावून सांगितलं. डोंगराकडच्या मुकादमानं मान हलवली. मुकादमिणीनं पदर खोचला. पण देवराईच्या सांध्यापाशी कारभारी पोचला आणि तिथेच थबकला. काढायच्या दगडांत हत्तीचा दगडही होता.

"हत्तीला कुणी हात लावायचा न्हाई," म्हातारा मुकादम म्हणाला.

राणी तोंड उघडणार एवढ्यात म्हातारा पुढे झाला. त्यानं मनगटातलं कडं ओढून काढलं आणि शेजारी उभ्या मुकादमिणीकडे दिलं. "धर गं हे. हातोडा धरताना आड येतं." मग त्यानं कारभाऱ्याच्या हातातून हातोडा घेतला. "माझ्या कामात खोट न्हाई, असं म्हनलास ना सगळ्यांदेखत? मग झालं. माझा हत्ती मीच काढीन. तुम्ही लोक कान मोडाल त्याचे."

आणि पहिला घाव त्यानंच घातला. त्या घावाचा आवाज कड्यांवरून घुमत गेला, आणि कारभाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मुकादमिणीनं कडं कनवटीला खोचलं आणि तीही कामाला लागली. पुढे ते कडं परत द्यायचं तिला आठवलं नाही आणि मागायचं म्हाताऱ्याला आठवलं नाही.

लांब दगड बसवायचा म्हणजे एका दोरखंडाला दोन टोळ्या लागणार. पहिल्याच दगडाला घोटाळा झाला. डोंगरवाले "ओढ गड्या"च्या ठेक्यावर ओढत होते, मधले "आली आली"च्या ठेक्यावर. एक ओढी तेव्हा दुसरी दम घेई. दगड एका अंगानं उचलला गेला, कलला आणि दाराशी अडलेल्या म्हशीसारखा आडवा बसला. दोन्हीकडून शिव्या सुरू झाल्या.

"गाणी बंद!" मुकादमीण ओरडली. "कुणाचंच गानं नगं. येकमेकांचा श्वास ऐका, आन् श्वासाबरूबर ओढा."

खिंड शांत झाली. एवढी माणसं उभी, आणि ऐकू येत होता तो फक्त श्वास. आधी विस्कळीत, मग हळूहळू जुळत जुळत एकच झालेला. सगळ्या खिंडीला एकच छाती असावी, असा तो श्वास आत गेला आणि बाहेर आला. आणि दगड हलला. कुठे धक्का नाही, घासणं नाही. अंधारात आईचा हात शोधणाऱ्या पोरासारखा तो सरकत गेला आणि दोन्ही भिंतींच्या पोटात जाऊन बसला. कारभारी आयुष्यभर दगड रचत आला होता, पण माणसं रचलेली त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तो पाहतच राहिला.

मग पुढचा दगड, मग त्याच्या पुढचा. हत्तीचा दगडही आडवा होऊन सांध्यात गेला. त्याचं धड देवराईच्या भागात आणि सोंड मधल्या भागात. बाहेरून आता त्याचं नखही दिसत नव्हतं. म्हाताऱ्यानं त्याच्यावर चुना घालताना एकदा थोपटलं, एवढंच.

शेवटचा दगड बसला, चुना सुकला, आणि मग एके सकाळी नदी आली.

आधी वारा आला, मातीचा वास घेऊन. मग डोंगरामागून आवाज आला, आणि त्यामागून पाणी. तांबडं, फेसाळ, मुळासकट उपटलेली झाडं घेऊन. ते भिंतीवर येऊन आदळलं तेव्हा वरच्या डोंगरावरच्या लोकांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा भिंत जागच्या जागी होती, आणि पायथ्याच्या घरातून धूर निघत होता.

पाणी चढत राहिलं. आत घरात लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. कारभारी दारात आला तर बायको म्हणाली, "इथे पुरुषाचं काम नाही. तुमच्या सांध्याकडे बघा जा."

तो देवराईच्या सांध्यापाशी गेला, तर तिथे म्हातारा मुकादम आणि मुकादमीण पाठ टेकून बसलेली. डोंगराच्या सांध्यापाशी तो अबोल मुकादम दोन्ही तळवे दगडाला लावून उभा होता. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. रीत तर एकट्या कारभाऱ्यासाठी होती.

"तुम्ही कशाला आलात?" त्यानं विचारलं.

"आमचा हाय न्हवं सांधा?" म्हातारा म्हणाला. "बस हितं. हात लाव."

कारभाऱ्यानं दगडाला हात लावला. भिंत थरथरत होती. खूप खोलवरून एक हुंकार येत होता, नदीचा अख्खा भार भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरत होता आणि एक दगड तो दुसऱ्याच्या हातात देत होता. तो हुंकार त्याच्या तळव्यातून छातीत शिरला. मघापासून त्याच्या तोंडात देवाचं नाव होतं, ते आता आपोआप थांबलं. एवढ्या मोठ्या गोष्टीपुढे काय बोलायचं? त्यानं सांध्याची रेघ बोटानं चाचपली. दगड थंड होता आणि कोरडा होता.

तेवढ्यात घरातून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. आणि थोड्याच वेळात वर डोंगरावर एकच गलका उठला. सांडव्यावरून पाणी वाहू लागलं होतं.

त्या वर्षी लोक खाली उतरले आणि त्यांनी शेतं धरली. पुढच्या उन्हाळ्यात बायांनी वाळूत खड्डे केले नाहीत. तिन्ही मुकादमांनीही पायथ्याशीच घरं बांधली, एकमेकांना लागून. मधल्या भिंती सामाईक ठेवल्या, आणि अर्थातच दाते सोडून बांधल्या.

पावसाळा सरल्यावर सापसुरळी कारभाऱ्याच्या ओट्यावर आली. "माझी दोन्ही घरं घालवलीस," ती फुरंगटून म्हणाली. "आता मी कुठे राहू?"

कारभारी नातवाला मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं अंगणाभोवतीच्या दगडी गडग्यातला एक दगड काढून बाजूला ठेवला. "इथे राहा," तो म्हणाला. "आणि एक कर. रोज संध्याकाळी त्या भिंतीवरून एक फेरी मार. शिरायला जागा सापडली, तर आधी मला येऊन सांग."

अजूनही त्या राज्यात कुठलंही मोठं काम निघालं, की वाटणी करायच्या आधी त्या कामाचा कारभारी उभा राहतो आणि सगळ्यांदेखत विचारतो, "सांधा कुणाचा?" आणि स्वतःच उत्तर देतो, "आधी माझा." मगच पहिला दगड बसतो.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: काम वाटावं, सांधा मात्र आपल्या हाती ठेवावा; भिंत उभी राहते दगडांवर, पण टिकते सांध्यांवर.